घरी गणिताचा सराव मजेत कसा घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न साधारण ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या आईबाबांचे आणि आजीआजोबांचे आहेत. मी शिक्षिका नाही, दोन मुलांची आई आहे, पण गेली काही वर्षं रोज थोडा वेळ मुलांबरोबर हेच करत बसतेय त्यामुळे जे स्वतः करून बघितलंय तेच सांगते, आणि जिथे कुणी नीट अभ्यास करून काही शोधलंय तिथे तेही सांगते.

माझं मूल १०० पर्यंत घडाघडा म्हणतं, म्हणजे त्याला आकडे येतात ना?

म्हणता येणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं. १०० पर्यंत म्हणणं हे लहान मुलांसाठी बऱ्याचदा गाण्यासारखं असतं, अर्थ नंतर येतो. बघायचं असेल तर १२ बटणं पुढे टाका आणि म्हणा, "यातली ७ मला दे." काही मुलं एक दोन तीन करत सगळीच्या सगळी देऊन टाकतात, सातला थांबायचं असतं हे अजून कळलेलं नसतं. सात बरोबर दिली तर तीच बटणं जरा लांब लांब पसरवा आणि विचारा, "आता किती झाली?" ज्याला कळलंय ते मूल तुमच्याकडे बघून म्हणतं "सातच की", आणि ज्याला नाही ते परत पहिल्यापासून मोजायला लागतं. त्यात काळजीचं काही नाही, फक्त आपल्याला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आणखी एक, तीन-चार वस्तू आपल्याला न मोजताच "दिसतात", त्याच्या पुढे मोजावं लागतं किंवा गट पाडावे लागतात. म्हणून फाश्यावरचे ठिपके, पत्त्यावरची चिन्हं, या सगळ्या मांडण्या मुलांच्या डोळ्यांना सवयीच्या होऊ द्या. पाचचे ठिपके बघून मूल न मोजता "पाच" म्हणायला लागलं की पुढची बेरीज खूप सोपी जाते.

रोज किती वेळ बसवायचं?

१० मिनिटं, फार तर १५. पण रोज. रविवारी दीड तास बसवून आठवडाभराचं उरकणं याने दोघांचंही डोकं तापतं आणि बुधवारपर्यंत सगळं विसरलेलं असतं. थोडं थोडं, मध्ये गॅप सोडून केलेला सराव जास्त टिकतो हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा खरं ठरलंय. आणि मूल "अजून एक डाव" म्हणत असतानाच थांबा. उद्या ते स्वतःहून पत्ते घेऊन येईल.

सापशिडीसारख्या खेळाने खरंच गणित सुधारतं का, की नुसताच टाइमपास?

सुधारतं, आणि हे तपासून बघितलेलं आहे. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी या दोघांनी २००८ साली बालवाडीच्या वयाच्या मुलांना १ ते १० च्या सरळ रेषेतल्या पटावर सोंगटी पुढे नेण्याचा अगदी साधा खेळ खेळायला दिला. दोन आठवड्यांत जेमतेम चार वेळा, दर वेळी १५-२० मिनिटं. तेवढ्याने मुलांचं मोजणं, कोणता आकडा मोठा हे ओळखणं, संख्यारेषेवर आकडा कुठे येईल याचा अंदाज, सगळंच सुधारलं आणि नऊ आठवड्यांनी परत तपासलं तेव्हाही ते टिकून होतं. दुसऱ्या गटाने तसाच खेळ आकड्यांऐवजी रंगांच्या घरांवर खेळला, त्यांच्यात ही सुधारणा दिसली नाही.

पण यात एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेक घरांत निसटते. सोंगटी २३ वर आहे, फाश्यावर ४ पडले, तर मूल काय म्हणतं ते ऐका. "एक, दोन, तीन, चार" म्हणत पुढे जातं ना? त्याऐवजी "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" म्हणायला लावा, म्हणजे घरावरचा आकडा वाचत जायचं. पुढे १०० घरांच्या पटावर हेच तपासलं गेलं तेव्हा घरावरचे आकडे म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना फायदा झाला, दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना नाही. खेळ तोच, पट तोच, फक्त तोंडातले शब्द बदलले. आणि अगदी लहान मुलं ज्या घरात उभी असतात तेच घर "एक" म्हणून मोजतात, तेव्हा सोंगटीने एक टुणकन उडी मारून दाखवा, उडी मारली की एक, उभं असताना शून्य.

घरात फक्त पत्ते आणि फासे आहेत, बाकी काही आणायचं नाहीये. काय काय खेळता येईल?

वर्षभर पुरेल एवढं आहे. मला विचाराल तर वर्कशीटपेक्षा पत्त्यांचा एक कॅट जास्त कामाचा.

*दहाची जोडी.* एक्का ते नश्शी असे ३६ पत्ते घ्या, एक्का म्हणजे १. सगळे उलटे मांडा, पाळीपाळीने दोन उघडायचे, बेरीज १० झाली की जोडी आपली. १ ची जोडी ९ शी, २ ची ८ शी, ३ ची ७ शी, ४ ची ६ शी आणि पाचाची पाचाशी. गंमत म्हणजे बरोबर १८ जोड्या होतात आणि एकही पत्ता उरत नाही, त्यामुळे शेवटी दोन पत्ते उरले आणि त्यांची बेरीज १० होत नसेल तर मध्ये कुठेतरी चूक झालीय हे खेळच सांगतो, आपल्याला सांगावं लागत नाही. दहाच्या जोड्या तोंडात बसल्या की ८ + ५ करताना मूल आपोआप "आठला दोन दिले दहा, उरले तीन, तेरा" असं करायला लागतं. बेरजेतली सगळ्यात मोठी पायरी माझ्या मते हीच आहे.

*घोड्यांची शर्यत.* कागदावर २ ते १२ असे ११ रांगांचे ट्रॅक काढा, प्रत्येकावर एक बटण म्हणजे घोडा. प्रत्येकाने आपापला घोडा निवडायचा, मग दोन फासे टाकायचे आणि जी बेरीज येईल तो घोडा एक घर पुढे. पहिल्या दिवशी माझ्या धाकटीने १२ नंबर घेतला, का तर सगळ्यात मोठा आकडा. घोडा जागचा हलेना. दुसऱ्या डावात परत १२, परत तेच. तिसऱ्या डावाआधी ती बराच वेळ फासे हातात फिरवत बसली आणि मग म्हणाली, "आई, बारा यायला दोन्ही सहाच लागतात, सात कसाही येतो." दोन फाश्यांच्या ३६ शक्यतांपैकी ७ सहा प्रकारे येतो आणि १२ फक्त एका प्रकारे, हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. आणि हे कळेपर्यंत तिने न कुरकुरता शंभरएक तरी बेरजा केल्या होत्या.

*लपलेली बेरीज.* तीन फासे एकावर एक रचून मनोरा करा. वरचा आकडा बघून तुम्ही सांगायचं की टेबलाला टेकलेली बाजू धरून लपलेल्या पाचही बाजूंची बेरीज किती. नेहमीच्या फाश्याच्या समोरासमोरच्या बाजू मिळून ७ होतात, तीन फाश्यांचे २१, त्यातून वरचा आकडा वजा करा, झालं. वर ४ असेल तर १७. पण मुलांना हे सांगू नका! दहा-बारा वेळा करून दाखवा, प्रत्येक वेळी त्यांना फासे उचलून मोजून खात्री करू द्या. सातची जोडी ज्या दिवशी त्यांना स्वतःला सापडते तो दिवस बघण्यासारखा असतो, मग घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला ती जादू दाखवली जाते आणि प्रत्येक जादूला एक वजाबाकी होते.

बोटांवर मोजलं तर चालेल का? शाळेत रागावतात.

चालेल. बोटं हे मुलाजवळ कायम असणारं साधन आहे आणि ते हिसकावून घेतलं तर मूल टेबलाखाली लपवून मोजतं एवढंच होतं. बोटं बंद करण्यापेक्षा मोजायची पद्धत बदला. ८ + ३ साठी आठ बोटं काढून मग तीन काढायची गरज नाही, आठ डोक्यात ठेवायचे आणि नऊ, दहा, अकरा पुढे मोजायचे. तिथून दहाच्या जोडीकडे गेलं की बोटं हळूहळू आपली आपणच सुटतात.

तोंडी बरोबर सांगते पण लिहिताना त्रेचाळीसचे ३४ करते. हे आळशीपणाने होतं का?

नाही हो, अजिबात नाही. हा आपल्या संख्यानामांचा स्वभाव आहे आणि मुलांची दया येते खरंच. "त्रेचाळीस" म्हणताना आपण तीन आधी म्हणतो आणि चाळीस नंतर, पण लिहिताना चार आधी आणि तीन नंतर. जे ऐकू आलं त्याच क्रमाने लिहिलं तर ३४ च होणार. शिवाय एकोणतीस ऐकलं की कानावर तीस पडतं पण लिहायचे २९, एकोणपन्नासला पन्नास ऐकू येतं आणि लिहायचे ४९. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत असे आठ आकडे "एक कमी" पद्धतीने येतात आणि मग ९९ ला अचानक नव्व्याण्णव! मूल गोंधळलं नाही तरच नवल.

उपाय म्हणून आम्ही जाड कागदाच्या पट्ट्या केल्या. १०, २०, ३० ते ९० अशा रुंद पट्ट्या आणि १ ते ९ अशा अर्ध्या रुंदीच्या. मी "त्रेचाळीस" म्हणायची, तिने ४० ची पट्टी शोधायची, ३ ची पट्टी शोधायची आणि ४० मधल्या शून्यावर तीन झाकून ठेवायचा. शून्याच्या जागी तीन बसला की दिसतात ४३. कोणती पट्टी आधी सापडली याने फरक पडत नाही, शेवटी आकडा बरोबरच तयार होतो, हीच यातली गोम आहे. सोबत "चाळीस तीन, त्रेचाळीस" असं दोन्ही म्हणायचं. एकोणच्या आकड्यांसाठी वेगळा खेळ, मी "एकोणसाठ" म्हटलं की तिने साठवर उभं राहून एक पाऊल मागे यायचं. जमिनीवर खडूने आखलं होतं. महिनाभरात ३४-४३ ची भानगड जवळपास संपली.

हातच्याची वजाबाकी कितीही सांगितली तरी चुकते. काय करू?

आधी विचारा "कसं काढलंस?" आणि पूर्ण ऐकून घ्या. माझ्या मुलाने ५२ − ३८ = २६ लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन." म्हणजे वजाबाकी त्याला येत होती, फक्त मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम त्याने स्वतःच बनवला होता. ही चूक इतकी सर्रास होते की दहा वेळा "नीट बघ" म्हणून काहीही उपयोग नाही.

त्या दिवशी वही बंद केली. काड्या घेतल्या, दहा-दहाच्या गठ्ठ्यांना रबर लावलं, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या त्याच्याकडे दिल्या आणि म्हटलं, "मला ३८ दे." त्याने तीन गठ्ठे दिले, दोन सुट्ट्या दिल्या आणि थांबला. माझा हात पुढेच. त्याने माझ्याकडे बघितलं, गठ्ठ्यांकडे बघितलं, मग हळूच विचारलं, "एक गठ्ठा फोडू?" फोडला, सहा दिल्या, समोर एक गठ्ठा आणि चार काड्या. १४. त्यानंतर आमच्या घरात "हातचा घेणं" हा शब्दच गेला, आम्ही "गठ्ठा फोडणं" म्हणतो. काही दिवस काड्या, मग कागदावर गठ्ठ्याच्या रेघा आणि सुट्ट्यांचे ठिपके काढून, आणि मगच नुसते आकडे. ही मधली चित्राची पायरी गाळू नका.

आणि एकदा जमायला लागलं की मग सराव हवाच, पण त्यासाठी वजाबाक्यांची पानं भरण्यापेक्षा आपल्या कापरेकरांचा खेळ घ्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेत शिक्षक होते आणि १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत जगापुढे आणली. सुरुवातीला तीन अंकी घ्या, सोपं जातं. कोणतेही तीन अंक निवडा, तिन्ही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान करा आणि वजा करा. येईल त्याच्या अंकांवर परत तेच. समजा ४, २, १ घेतले:

४२१ − १२४ = २९७
९७२ − २७९ = ६९३
९६३ − ३६९ = ५९४
९५४ − ४५९ = ४९५

आणि ४९५ वर आलात की तिथेच अडकता, ९५४ − ४५९ परत ४९५. कुठलेही अंक घ्या, शेवटी ४९५ च. प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ येतो आणि बाजूच्या दोन अंकांची बेरीजही ९ होते, त्यामुळे चूक झाली की मुलाला स्वतःलाच दिसते (उत्तर ९९ आलं तर ०९९ असं लिहायचं). चार अंकांना हेच केलं की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं. माझा मुलगा एका दुपारी "न अडकणारा आकडा" शोधायला बसला होता. दोन पानं हातच्याच्या वजाबाक्या, मी एकही दिलेली नाही.

पाढे पाठ करायलाच हवेत का?

हवेत, माझं मत स्पष्ट आहे. पुढे भागाकार आणि अपूर्णांक करताना सात आठे छप्पन्न यायला वेळ लागला की मूल मूळ गणितच विसरतं. पण डोंगर वाटतो तेवढा मोठा नाही. १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार आहेत, पण ३ × ७ आणि ७ × ३ एकच, म्हणून खरे ५५. त्यातून १, २, ५ आणि १० असलेले काढा, ते मुलांना पटकन येतात, उरले २१. नऊचा पाढा बोटांवर येतो (दहा बोटं पसरा, ९ × ४ ला चौथं बोट मिटा, डावीकडे ३, उजवीकडे ६, छत्तीस), तो काढला की १५. ३ × ३, ४ × ४ असे स्वतःशीच गुणलेले मुलांना लक्षात राहतात, ते काढले की उरतात १०. फक्त दहा! १० × १० चा तक्ता करून एकेक रंगवत जा, पांढरी घरं कमी होताना मुलांना दिसली पाहिजेत.

आणि चालीवर म्हणणं छानच आहे, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मग "सात आठे" विचारलं की मूल सात एके सातपासून गाडी सुरू करतं. मधूनच विचारा, उलटं विचारा: "छप्पन्न कुणाकुणाच्या पाढ्यात?"

वेग वाढवायला टाइमर लावू का?

उत्तरं अजून मोजून काढत असेल तर नको. घड्याळाच्या धाकात येणारं उत्तरही पळून जातं. आधी बरोबर, मग सहज, आणि वेग त्यामागून येतो. स्वतःचाच कालचा वेळ मोडायची हौस मुलालाच असेल तर लावू द्या.

बरोबर उत्तराला बक्षीस द्यावं का?

मी देत नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी ज्या लहान मुलांना मुळातच चित्रं काढायला आवडायची त्यांना "चित्र काढलंस तर बक्षीस" असं आधी कबूल केलं, तर पुढे मोकळ्या वेळात ती मुलं कमी चित्रं काढायला लागली. खेळात मजा असेल तर वर बक्षीस लावून ती मजा मारू नका.

मलाच गणिताची भीती आहे, मी काय शिकवणार?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला फार आपुलकी वाटते कारण त्यांना मनापासून काळजी असते. २०१५ साली अमेरिकेत एरिन मॅलोनी, सियान बाइलॉक आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांचा अभ्यास केला. ज्या आईबाबांना गणिताची भीती होती आणि जे वारंवार होमवर्क घ्यायचे, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. पण त्याच वर्षी त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या अभ्यासात भीती असलेल्या आईबाबांनी मुलांबरोबर आकड्यांच्या छोट्या गोष्टी वाचून सोडवल्या तेव्हा त्याच मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. म्हणून होमवर्कचा भाग दुसऱ्या कुणाकडे देता येत असेल तर द्या, आणि तुम्ही खेळ घ्या, गोष्टी घ्या. फक्त "मलापण गणित कधी जमलं नाही" हे वाक्य मुलासमोर नको. "मलापण माहीत नाही, चल दोघं बघू" हे चालेल.

मोबाइलवरचे गेम?

कधीतरी ठीक. पाच मिनिटं शेजारी बसून बघा, मूल विचार करतंय की चार पर्यायांवर धडाधड टॅप करतंय. टॅपच करत असेल तर बंद करा.

दोन मुलं आहेत, वयात चार वर्षांचा फरक. मोठा कायम जिंकतो.

नियम वेगळे ठेवा, पट एकच. दोन पत्ते उघडले की धाकटीने बेरीज करायची, मोठ्याने गुणाकार, उत्तर बरोबर आलं तर प्रत्येकाला एकच बटण. आणि नशिबाचा भाग असलेले खेळ जास्त घ्या, फासा वय बघत नाही.

इतकं करूनही वर्ष झालं, काहीच पुढे सरकत नाहीये.

मग शांतपणे तपासून घ्या. साधारण ३ ते ७ टक्के मुलांना डिस्कॅल्क्युलिया असतो, म्हणजे बाकी बुद्धी चांगली असूनही आकड्यांची जाण येण्यात अडचण. सात-आठ वर्षांचं झालं तरी ५ मोठा की ८ हे पटकन सांगता न येणं, आज पक्कं आलेलं उद्या साफ पुसलं जाणं, घड्याळ अजिबात न कळणं, अशा गोष्टी बराच काळ एकत्र दिसत असतील तर शिक्षकांशी बोला आणि शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांकडे न्या. डोळे आणि कानही आधी तपासा. एकटं एखादं लक्षण दिसलं म्हणून घाबरू नका.

आधी आवडीने खेळायची, आता "नको" म्हणते.

तोच खेळ जुना झाला असेल, किंवा खेळाच्या आडून आपण परीक्षा घेतोय हे तिला कळलं असेल, मुलांना ते लगेच कळतं. आठवडाभर सोडून द्या. मग पत्ते तिच्या हातात द्या आणि म्हणा, "या वेळी नियम तू कर." माझ्या धाकटीने केलेला खेळ असा होता: लाल पत्ता आला की मिळवायचे, काळा आला की वजा, सुरुवात २० पासून आणि जो आधी बरोबर शून्यावर येईल तो जिंकला. पहिल्याच डावात माझे ३ उरले आणि काळी चौकी आली, तर आता शून्याच्या खाली जायचं की थांबायचं यावर ती आणि तिचा भाऊ अर्धा तास वाद घालत होते. शेवटी तिने कागदावर शून्याच्या डावीकडे आणखी घरं आखली.